दवाखान्यापुरतं लग्न

एप्रिल लागला की माझं डोकं फिरतं. सासूबाई म्हणतात, ऊन लागलं असेल, पर्समध्ये कांदा ठेवत जा. ठेवते. पण हे कांद्यानं उतरणारं नाही. कॉलेजच्या फळ्यावर उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक चिकटतं, व्हरांड्यातल्या माठाभोवती ओला गोणपाट गुंडाळला जातो, मागच्या कडुलिंबाचा मोहर वाऱ्यानं वर्गात येऊन बाकांवर पडतो. तो गोडसर कडू वास नाकात गेला की माझी कानशिलं तापतात. लोकांना त्या वासानं सुट्टी आठवते, आंबे आठवतात. मला एक रिसेप्शनचं काउंटर आठवतं आणि त्या काउंटरवर मी तीन तास बोललेलं खोटं आठवतं.

मी जालन्यातल्या एका कॉलेजात तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवते. याच कॉलेजात शिकले. मागच्या आठवड्यात एका दुपारी स्टाफरूममध्ये एकटीच होते, पंखा नुसताच गरम वारा फिरवत होता, आणि दारात अश्विनी येऊन उभी राहिली. दुसऱ्या वर्षाची, मंठ्याकडच्या खेड्यातली, पहिल्या बाकावर बसून प्रत्येक आकृतीला तीनदा पेन्सिलीला टोक करणारी पोरगी. ओढणीचं टोक पिळत होती.

"मॅडम, एक मागू का? रागवू नका."

"माग की."

"काळी पोत हाय का तुमच्याकडं? खोटी असली तरी चालती. एका दिवसापुरती."

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, नाटकाला हवी असेल. मी सरळ विचारलं, "कोणत्या दवाखान्यात चाललीस?" तिचं तोंड पांढरं पडलं. "तुम्हाला कसं कळलं, मॅडम?"

मला कसं कळलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही. आठ वर्षं झाली, आठ, आणि अजून तेच चाललंय म्हणून.

आठ वर्षांपूर्वी मी आणि रुपाली वसतिगृहात सात नंबरच्या खोलीत राहायचो. दोघी तिसऱ्या वर्षाला. खोलीच्या दारामागं कॅलेंडर, कॅलेंडरच्या खाली एक खिळा, आणि त्या खिळ्याला एक काळी पोत. दोन पिवळ्या वाट्या, काळे मणी, मागं सेफ्टी पिन. कुणीतरी राजूरच्या चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला गेल्ती, तिनं देवळाबाहेरच्या दुकानातून आणली म्हणे. कोण ते कुणालाच माहीत नाही. आमच्या आधीच्या पोरींनी आमच्याकडं सोपवली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. त्या पोतीला आम्ही 'वहिनी' म्हणायचो. "ए, वहिनी मोकळी हाय का?" "न्हाई, तीन नंबरवालीनं नेली, चारला येतील दोघी." वार्डन मॅडमसमोरसुद्धा बिनधास्त बोलायचो. त्यांना वाटायचं, कुणाची तरी भावजय गावाहून येत असेल. त्या एकदा म्हणाल्यासुद्धा, "तुमच्या वहिनी लईच फिरतात गं." आम्ही हसून हसून लोळलो.

वहिनीचे नियम होते. परत आली की साबणानं धुवायची. खिळ्यालाच टांगायची. कोण घेऊन गेली, कशाला गेली, हे विचारायचं नाही. हा शेवटचा नियम कुणी लिहिला नव्हता, पण तो सगळ्यात कडक पाळला जायचा.

आणि कशाला लागायची ही वहिनी? बायकांच्या डॉक्टरकडं जायला. बस, एवढंच. कुणाची पाळी चार चार महिने यायची नाही, कुणाला आली की वीस दिवस जायची नाही. कुणाला अंगावरून पांढरं जायचं, कुणाला खाज सुटून बसवायचं नाही. एकीच्या छातीत गाठ लागली होती, ती महिनाभर रडत होती, शेवटी वहिनी घालून गेली आणि गाठ साधी निघाली. एकीला ती दुसरी गोळी हवी होती, दिवस राहू नयेत म्हणून बहात्तर तासांत घ्यायची. तिलाही वहिनीनंच मेडिकलमध्ये नेलं. लोकांना वाटेल, हां, म्हणजे तसल्या पोरी. आहाहा! बहुतेकींचं काहीच 'तसलं' नव्हतं. आणि जिचं होतं तिनं काय करायचं होतं, लपून मरायचं होतं? पोरीचं वय विसाच्या पुढं, मत द्यायला चालती, आमदार निवडायला चालती, आणि स्वतःच्या पोटाबद्दल विचारायला गळ्यात मणी पाहिजेत?

पाहिजेतच. कारण काउंटरवर पहिला प्रश्न असतो, लग्न झालंय का. काय होतंय, हा नाही. किती दिवस होतंय, हाही नाही. 'नाही' म्हटलं की कागदावरचा पेन थांबतो. बाकड्यावरच्या चार बायका माना वळवतात. 'हो' म्हटलं की पंखा तुमच्याकडं फिरतो, बसा म्हणतात, पाणी देतात. आम्ही काही खोटारड्या पोरी नव्हतो. आम्हाला दारातून आत जायचं होतं.

रुपाली राजूरजवळच्या खेड्यातली. बाप शेती करायचा, आई सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. दिवाळीच्या सुट्टीत मीही एकदा तिच्याबरोबर गेल्ते. हिरव्या जाळीखाली मिरचीच्या ओळी, आत दमट गरम हवा, आणि पंचवीस-तीस बाया-पोरी चिमटे घेऊन वाकलेल्या. कळी उमलायच्या आधी तिच्यातला नराचा भाग अल्लद काढायचा, मादीला धक्का लागू द्यायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचा, खुणेला दोरा बांधायचा. सुपरवायझर ओरडत फिरायचा, "मादीला जपा! मादी दुखावली तर बी धरत न्हाई!" रुपालीचा हात इतका हलका की तिच्या ओळीतली एक कळी वाया जायची नाही. दहा वर्षांची होती तेव्हापासून करत होती. मला म्हणायची, "बॉटनी मला पुस्तकात न्हाई शिकावी लागत, माझ्या बोटात हाय." आणि होतीच. प्रॅक्टिकलला फुलाचा अंडाशय आडवा कापून तिनं स्लाइड केली की सर बाकीच्यांना बोलावून दाखवायचे. तिला एम.एस्सी. करायचं होतं. सीड कंपनीत सुपरवायझर नाही, वर, जिथं वाण तयार करतात तिथं जायचं होतं.

त्या मिरचीच्या मादीला जेवढं जपलं ना, त्याच्या निम्मं कुणी रुपालीला जपलं असतं तर मी हे लिहीत बसले नसते.

मार्चमध्ये तिच्या पोटात उजव्या बाजूला, खाली, कळ यायला लागली. यायची, घामाघूम करायची, जायची. ती गुडघे पोटाशी घेऊन कॉटवर पडायची आणि म्हणायची, "थांब गं, जाईल." जायची पण. मग उठून पुन्हा नोट्स.

पहिल्यांदा आम्ही वहिनीला न घेताच गेलो. डॉक्टर बाई होत्या, म्हणून तर गेलो. वाटलं, बाईला बाईचं कळेल. त्यांनी विचारलं, "लग्न झालंय का?" रुपाली खरं बोलली. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग काही नाही. पाळीचं असतं ते. लग्न झालं की आपोआप बरं होतं." पोटाला हात लावला नाही. मी भीतभीत म्हटलं, "मॅडम, सोनोग्राफी करायची का?" तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी बिडी मागितली. "कुवार पोरीनं तिथल्या रांगेत बसायचं? उद्या कुणी बघितलं तर हिचंच नाव खराब होईल. तुमच्या भल्याचं सांगते." आणि दुखायची गोळी लिहून दिली.

भल्याचं! ज्यानं त्यानं आमच्या भल्याचंच सांगितलं. आमचं भलं इतकं झालं की पोरीचं पोट रिकामं झालं.

दुसऱ्यांदा मी वहिनी खिळ्यावरून काढली आणि स्वतःच्या हातानं रुपालीच्या गळ्यात घातली. हे मी केलं. "आता बराबर बघतील," असं म्हणालेसुद्धा. वर टिकली मोठी लावली, माझी लाल ओढणी दिली. ती आरशात बघून हसली. "माय बघंल तर जागेवर मरंल," म्हणाली. दुसऱ्या गल्लीतला दुसरा दवाखाना गाठला. काउंटरवरच्या बाईनं केसपेपर ओढला. "मिस्टरांचं नाव?"

याचा आम्ही विचारच केला नव्हता! बाकी पोरींनी आपापली नावं ठरवून ठेवलेली असायची. आम्ही घाईत निघालो. रुपालीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. राजूरची पोरगी, संकटात जे नाव तोंडात येतं ते आलं. "गणेश," ती म्हणाली. "आडनाव?" आणि तिनं तिचंच आडनाव सांगितलं. दुसरं सुचलंच नाही. खेड्यात ज्याला कळेल त्याला कळेल, ही केवढी मोठी चूक होती. एकाच आडनावाचे म्हणजे भावकी, म्हणजे भाऊ-बहीण. आम्हाला त्या वेळी हसू आलं. कागदावर झालं: सौ. रुपाली गणेश अमुकअमुक.

आत डॉक्टरसाहेब होते. "किती महिने झाले लग्नाला?" मी म्हटलं, "सात." मग लघवी तपासली. मग म्हणाले, "या वेळी नाही, पण निराश व्हायचं नाही. नवीन लग्नात असं दुखतं थोडं." पाळीचं विचारलं, दिवस राहण्याचं विचारलं, सासूचं काही म्हणणं आहे का विचारलं. कुवारीला पाळी दुखते आणि सवाष्णीला दिवस राहतात, एवढीच दोन दुखणी यांच्या पुस्तकात! तरी त्यांनी एकदा पोट दाबलं, कपाळाला आठी घातली, आणि सोनोग्राफी लिहून दिली. "पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या."

सोनोग्राफीवाल्यांनी आधार कार्ड मागितलं. आधारवर बापाचं नाव. "यावर मिस्टरांचं नाव नाही?" असं म्हणून त्या माणसानं मान वर करून रुपालीच्या गळ्याकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. आम्ही "घरून दुसरं कार्ड आणतो" म्हणून जे निघालो ते थेट रिक्षास्टँडपर्यंत थांबलो नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तसं झालं. कुवार म्हणून गेलो तर कुणी बघेना, लग्नाची म्हणून गेलो तर नवरा दाखवा. रुपाली म्हणाली, "राहू दे. चार पेपर हायेत. होऊ दे. मंग मायला सांगते खरं खरं."

दोन पेपर झाले. तिसरा वनस्पतिशास्त्राचा.

त्या दिवशीचं ऊन मला अजून पाठीवर जाणवतं. हॉलच्या खिडक्यांना तट्ट्या लावलेल्या, पंखे घरघरत होते, बाहेर टँकरमधून हौदात पाणी पडत होतं. दीड तास झाला असेल. माझ्या पुढच्या बाकावर रुपालीनं डोकं खाली ठेवलं. पर्यवेक्षक आले आणि तिची ओढणी झटकून बघायला लागले, चिठ्ठी आहे का! तिनं मान वर केली आणि त्यांच्या चपलांवर ओकली. मग कुठं तिला बाहेर नेलं. मी जेवढं लिहिलं होतं तेवढं देऊन टाकलं आणि मागं पळाले.

मोठ्या दवाखान्यात एक वाजता पोचलो. वाटेत खोलीवरून मी जुना केसपेपर बरोबर घेतला होता, आधीची तपासणी कळावी म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी खरंच पटकन सोनोग्राफी केली. अंडाशयावर गाठ आहे आणि त्याला पीळ पडलाय, म्हणाले. रक्त पोचत नाहीये. लवकर उघडावं लागेल, कदाचित काढावा लागेल. आणि मग तो जुना केसपेपर काउंटरवर गेला. "मिस्टर कुठंयत? सही लागेल."

मी म्हटलं, "येतायत."

दीड वाजता म्हटलं, येतायत. दोन वाजता म्हटलं, रस्त्यात आहेत. अडीचला म्हटलं, एमआयडीसीत कामाला आहेत, शिफ्ट सुटली की येतील. तिकडं रुपाली भिंतीकडं तोंड करून कण्हत होती आणि इकडं मी एका नसलेल्या माणसाची वाट बघत काउंटरला टेकून उभी होते. खरं सांगितलं तर पोलीस येतील, कॉलेज काढून टाकेल, बाप मारून टाकेल, एवढंच डोक्यात. मला कुणी सांगितलंच नव्हतं की एकवीस वर्षांच्या पोरीला तिची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची लागत नाही, बापाची लागत नाही. कितीतरी वर्षांनी एका नर्सताईंनी सांगितलं. काउंटरवरच्यांना ते माहीत असायला पाहिजे होतं की नाही? डॉक्टरांना? तिथं एवढी शिकलेली माणसं होती, एकानं तरी म्हणावं, अहो, हिलाच विचारा!

चार वाजून गेल्यावर रुपालीनंच नर्सचा हात धरला. "न्हाई झालं माझं लग्न. न्हाई नवरा. खोटंय ते. मला कापा बाई, पण जल्दी कापा."

सगळ्यांचे चेहरे बदलले. मघापर्यंत 'ताई' म्हणणारे 'ही पोरगी' म्हणायला लागले. "मग कागदावर हे काय आहे?" "हे नाव कुणाचं आहे?" "वडिलांना बोलवा, त्यांच्याशिवाय हात लावणार नाही." मी फोन लावला. बाप आणि भाऊ मोटारसायकलवर आले, धुळीनं पांढरे झालेले. बापानं सही केली, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर अजून ऊन होतं. आत गेल्यावर अंडाशय काळा पडलेला निघाला. काढला. आणि बाहेर येऊन ते डॉक्टर बापाला काय म्हणाले? "आधी का नाही आणलंत?"

आधी! दोनदा आणलं होतं हो! आम्ही दोघी आमच्या पायांनी दोन दारं चढलो होतो. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मला वाटलं होतं, बाप विचारेल, पोरगी वाचली का, काय कापलं, पुढं काय. बापानं जुना केसपेपर उलटासुलटा करून वाचला, बोट ठेवून, सावकाश. मग मला विचारलं, "ह्यो गणेश कोण हाय?"

"कुणी नाही, काका. आम्ही खोटं सांगितलं. नाव नुसतं..."

"आपल्याच आडनावाचा. भावकीतला हाय म्हणजी."

"नाही हो काका, असा कुणी नाहीच."

"खोटं बोलायचं तर मान्सं परकं नाव घेतेत. घरचं कशाला घेतील?"

माणूस काही वाईट नव्हता. पोरीला शिकायला जालन्यात ठेवणारा होता. पण त्याच्या पोरीचा एक अवयव गेला त्या संध्याकाळी तो आणि त्याचा मुलगा एका कागदावरच्या माणसाला शोधत होते. आणि गावात सापडलाही एक! रुपालीचा लांबचा चुलतभाऊ, गणेशच, एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला, बिचाऱ्यानं रुपालीला दोन वर्षांत बघितलंही नव्हतं. मी शिफ्टचं जे काउंटरवर बोलले होते, तेही यांच्या कानावर गेलेलं. माझंच खोटं त्याच्या अंगावर शेकलं. त्याला गेटवर गाठून मारला. डोक्याला टाके पडले त्याच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. खरा चोर दवाखान्याच्या काउंटरवर बसला होता, पण त्याला कोण मारणार?

रुपालीची आई मागाहून आली, ती मात्र मला जिन्यात भेटली तेव्हा वेगळंच बोलली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मलाबी असंच दुखायचं गं पोरी. कुणाला सांगावं?" एवढंच. परत वर गेली.

चौथा पेपर रुपालीनं दिला नाही. पुढच्या वर्षीही घरच्यांनी बसू दिलं नाही. कॉट रिकामी झाली, पेटी भाऊ घेऊन गेला. पहिलं जे स्थळ आलं त्याला देऊन टाकली, टाका अपेंडिक्सचा म्हणून सांगितला. मी खिळ्यावरची वहिनी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. वाटलं, संपलं. काय संपतंय! दुसऱ्या आठवड्यात पाच नंबरच्या पोरींनी नवीन आणली.

आमच्या कॉलेजात आरोग्य शिबिर होतं, असं नाही की होत नाही. दरवर्षी होतं. रांगोळी काढतात, दीप लावतात, बोटातून रक्त काढून हिमोग्लोबिन सांगतात. गूळ-शेंगदाणे खा म्हणतात. मागच्या वर्षी मी मीटिंगमध्ये म्हटलं, सर, आठवड्यातून एक दिवस डॉक्टर बसवा, पोरींना एकेकटीला बोलता येईल असं, पाळीबद्दल, दिवस न राहण्याबद्दल, रोगांबद्दल, काहीही. तर एक वडीलधारे प्राध्यापक चहाचा कप ठेवून म्हणाले, "मॅडम, अविवाहित मुलींना याची गरजच काय? पालक काय म्हणतील?" आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "पालक म्हणतील, ह्यो गणेश कोण?" कुणाला काही कळलं नाही. मला माझी तासिका सांभाळायची होती, म्हणून मी खाली बसले. त्या खाली बसण्याचा मला आजही राग आहे.

तर अश्विनी दारात उभी होती. "कुठं दुखतंय?" मी विचारलं. "इकडं," तिनं डाव्या कुशीखाली हात ठेवला. "कळ येती अन् जाती. महिना झाला. परवा पेपर हाय, मॅडम."

मी पर्स उचलली. आधी चार दवाखान्यांत फोन केले. तिघांनी लग्न विचारलं, त्यांना मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. चौथ्यानं म्हटलं, घेऊन या. तिथंही काउंटरवर पोरगी बसलीच होती. "कुमारी लिहू का सौभाग्यवती?"

"पेशंट लिही," मी म्हटलं. "वय वीस. पोट दुखतंय, महिना झाला. सही ती स्वतः करणार. अजून काय पाहिजे?" माझा आवाज जरा चढलाच असेल, कारण बाकड्यावरची एक म्हातारी, कुणी हलवून उठवावं तशी, दचकली. "हाय तर मंग," ती म्हातारी म्हणाली, "पोट काय लग्न इचारून दुखतं का?"

आतली डॉक्टर तरुण होती. तिनं अश्विनीला बसवलं आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही बाहेर थांबा. मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय." मला जरा लागलंच. एवढी भांडून आणली मी, आणि मलाच बाहेर! पण बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि कळलं, बरोबर आहे. तिनं काय विचारलं, अश्विनीनं काय सांगितलं, मला माहीत नाही. मला माहीत असायचं कारणही नाही. सोनोग्राफी तिथंच केली. लहान गाठ आहे, गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी परत दाखवायचं. कळ थांबलीच नाही किंवा उलटी झाली तर कुणाचीही वाट न बघता तसंच उठून यायचं, असं तिला दोनदा बजावलं. अश्विनी कागद छातीशी धरून बाहेर आली.

"मॅडम, एवढंच होतं?"

मी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं लागली होती. रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, तिला वाटलं असेल मॅडम रागावल्या. रागावलेच होते. वीस मिनिटं, आणि एक स्वच्छ विचारलेला प्रश्न. रुपालीला साऱ्या जालन्यात कुणी तेवढं देऊ शकलं नाही.

रुपाली आता एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात बेल्टवर बी निवडायला जाते. अश्विनीचा पेपर झाला त्या दिवशी मी तिला जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. मागं मशीनचा आवाज होता, बायका डबे उघडत होत्या. मी सगळं सांगितलं. अश्विनीचं, काउंटरचं, म्हातारीचं, वीस मिनिटांचं.

"मंग पेपर दिला का तिनं?" तिनं विचारलं.

"दिला."

"पुरा?"

"पुरा. तीन तास बसली होती."

"बरं झालं," रुपाली म्हणाली. "माझा अर्धाच राह्यला व्हता. पाचवा प्रश्न येत व्हता मला."